खाडा

राजारामपुरी, बारावी गल्ली. खाली आईची खानावळ,
वर माझी खोली, खोलीत एकोणीस डबे.
झाकणांना तापल्या सुईनं पाडलेली भोकं,
आत प्रत्येकी एक कॉर्न स्नेक,
बुटाच्या नाडीएवढा, नारिंगी.
परदेशी जात, कागदं रीतसर,
तरी शेजारचे काटकर आमच्या जिन्याकडं बघून
चप्पल आपटत जातात.

खाली दिवसातनं दोनदा ताट.
वर पाच दिवसांतनं एकदा
उंदराचं एक गुलाबी पिल्लू, डोळे न उघडलेलं,
फ्रीजरमधून काढून कोमट पाण्यात सोडलेलं.
फ्रीजर वेगळा आहे. आधीच सांगते,
कारण मेंबर विचारतात.

"पाच दिवस?" आई म्हणते,
"पाच दिवस लेकराला पाण्यावर ठेवतीस?
माझ्या दारातनं कुत्रं उपाशी गेलं न्हाई."
मी सांगते, पहिली कात टाकेपर्यंत तर काहीच नाही,
अंड्यातला बलक पोटात असतो, तीच शिदोरी.
मग पाच दिवसांनी. अंग धरलं की सात.
थोर झाल्यावर पंधरवड्याला एकदा पुरे.
घास त्याच्या कमरेएवढा जाड, वर नाही.
(साप आणि कंबर! आई इथं हसते.)
खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही,
लावला तर ओकतं,
ओकलं तर पोटाला दहा दिवस सुट्टी.
ती रस्सा ढवळत ऐकते.
"म्हंजे बाळंतिणीपरीस कडक."

इचलकरंजीच्या एका गिऱ्हाइकानं
रोज एक दिलं, लवकर थोराड व्हावा म्हणून.
पहिल्या फोनला खुशीत: "मॅडम, अंगठ्याएवढा झालाय!"
दुसऱ्या फोनला
मागं टीव्हीसुद्धा बंद होता.
तेव्हापासून डब्याबरोबर चिठ्ठी देते,
लाल शाईनं एकच ओळ:
त्याला भूक लागू दे.

आमच्या दोघींच्या दोन वह्या.
तिच्या वहीत मेंबरांची नावं, तारखा,
न जेवल्या वेळेला गोल शून्य. खाडा.
माझ्या वहीत डब्यांचे नंबर, तारखा, ग्रॅम,
आणि नकाराला वेगळी खूण शोधावी
असं कधी वाटलं नाही.

अकरा नंबर. चार खाडे.
चिमट्यानं नाचवून दाखवलं,
पालीच्या अंगाचा वास चोळून दाखवलं,
तोंडाशी नेलं की तो मान काढून घेतो,
लग्नात नको त्या पाहुण्यानं पेढा पुढं करावा तशी.
सहा ग्रॅमचा होता, काल पाच भरला.
घशात लोटायची एक पद्धत आहे. मला येते.
हात धुऊन बसले होते.

तेवढ्यात आई वर आली, गुडघे धरत,
या खोलीत पहिल्यांदाच.
पदराला कांदा-लसूण मसाल्याचा वास.
डब्यात बघत राहिली. बराच वेळ.
"गडहिंग्लजचा तो अण्णाप्पा आठवतो?
सीएला तिसऱ्यांदा बसला न् गेला.
आठ दिस ताट जसंच्या तसं माघारी.
मी म्होरं उभी राहिलो की शिवायचा न्हाई.
मग ताट झाकून ठिवलं कोपऱ्यातल्या टेबलावर,
ट्यूब घालवली, आन् मागं भांडी घासाय गेलो.
बघत नको बसू त्येच्याकडं.
बघणाऱ्याम्होरं कुणाच्या घशाखाली उतरतंय?"

पिल्लू आत ठेवलं. डबा छोटा घेतला,
त्यावर खानावळीचा जाड टॉवेल.
दिवा घालवून उतरलो.
खाली मेंबर सगळे गेलेले.
आईनं वही काढली, माझं नाव त्यात कधीच नव्हतं,
तरी म्हणाली,
"सकाळधरनं तुझाबी खाडाच हाय की."
कोपऱ्यातल्या टेबलावर झाकलेलं ताट.
ट्यूब घालवली तिनं, आणि मागं गेली.

मोरीत पातेली वाजत राहिली,
गरजेपेक्षा जरा जास्त मोठ्यानं.
अंधारात भाकरी मोडली.
वरचं काय झालं
ते सकाळी, टॉवेल काढल्यावर.